पडद्यावरचं वावर

नाही नाही, ते बटन नको दाबू बापू, आधी पाणी पे. पांढरकवड्याहून उन्हातून फटफटीवर आला तू, डोकशाले साधा रुमाल नाही — आजकालचे पोट्टे ऐकतेत का कोणाचं. बस. त्या खुर्चीवर नको, ती अश्वजितची हाय, बोटभर इकडं-तिकडं सरकली तरी त्याले समजते. तू इथं कापसावर बस. बस ना, लाजते काय — यंदा आमच्या घरात माणसाले कमी अन् कापसालेच जागा जास्त लागली. खाज सुटन थोडीशी. कवडी हाय हा — कवडी म्हणजे बोंडअळीनं खाल्लेला, पाह्य ना, हा असा पिवळा डाग पडलेला. व्यापारी हात लावत नाही अन् फेकाले आपला जीव होत नाही, मंग दिवाळीपासून आता शिमगा आला तरी इथंच पडून हाय, पावण्यावानी.

हो, फोनवर मीच बोलली होती. फोन विमलताईचा, शेजारची हाय ती, तिनंच नंबर लावून देल्ला. मी म्हटलं माणूस पाठवा, पण आजच पाठवा, उद्या नको. काहून म्हणजे — अश्वजित आज घरी नाही. माझा नातू. त्याचा बाप, म्हणजे माझा नागोराव, त्याले घेऊन यवतमाळले मोठ्या दवाखान्यात गेला हाय, डोळे दाखवाले. संध्याकाळच्या एसटीनं येतेत दोघं. ते येण्याच्या आत हा पडदा पेटला पाहिजे, अन् तू येऊन गेला हे पोट्ट्याले समजलं नाही पाहिजे. एवढंच काम हाय. जमन ना तुले?

काय होते सांगू? बटन दाबलं का त्या डब्ब्यातला पंखा फिरते — मधमाशीवानी आवाज येते, घुंऽऽ. मंग भोंग्यातून एक सूर वाजते, मंग पाखरं बोलतेत, ट्रॅक्टर चालू होते. ऐकू सगळं येते. पडद्यावर मात्र इंग्रजीचा एक इवलासा चौकोन इकडून तिकडं फिरते, अन् थोड्या वेळानं तोही विझून जाते. मंग काळं. तव्यावानी काळं. त्या चौकोनात काय लिहिलं राह्यते ते मले नाही माहीत, मी तर अंगठा लावणारी बाई. अन् वाचून घ्याव कोणाकडून? इथं कोणाले येऊच देल्लं नाही मी. गावातले पोट्टे आले खेळ पाहाले, तर म्हणतो कवडीची खाज सुटन रे, अंगावर गांधी उठतीन, पळा.

कधीपासून? — पह्यल्या दिवसापासून.

हो बापू, पह्यल्या दिवसापासून. कधी पेटलाच नाही. असा नको पाहू माझ्याकडं. मंग इतके दिवस काय केलं म्हणतं — सांगतो ना. तू हात चालू दे तुझा, मी बोलत राह्यतो. फिरव तो पडदा, काढ त्याची पाठ. टेबलावर जागा नाही पुरणार, असं कर, तो उचलून तिकडं मागं ट्रंकेवर ठेव, दाराजवळ, तिथं उजेडही हाय. वायर पुरते ना तिथंलोक? पुरते. हां, अस्सं. डब्बा राहू दे जागीच. अन् खुर्चीले धक्का नको लावू, सांगतलं ना.

हा डब्बा तयार नाही आणला आम्ही. तुमच्या दुकानात तयार असतीन, पण त्याले तयार नको होता. पांढरकवड्याच्या कॉलेजात जाये तो, अन् मोबाइलवर पाह्यत बसे — कोण कसा जोडते, काय कायले लागते. एक एक वस्तू आणे, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळे, अन् त्याच ट्रंकेत ठेवे. आज त्याची माय असती तर तिच्याजवळ बोलला असता, ती गेली तो पाळण्यात होता तेव्हाच, मंग माझ्याजवळच बोले. कोणता प्रोसेसर घेऊ, कोणतं कार्ड घेऊ. मी म्हणो मले काय विचारतं रे, मी कधी रेडिओचा कान पिळला नाही. तर तो म्हणे, आजी, तुले समजते. बैलजोडीचं हाय हे. एक बैल तगडा अन् एक मरतुकडा असला का जू वाकडं होते, तगडाही चालत नाही मंग. प्रोसेसर अन् कार्ड बरोबरीचे पाहिजेत, नाहीतर एक दुसऱ्याची वाट पाह्यत उभा राह्यते. मी म्हटलं मंग घाई नको करू, जोडी पाहूनच घे. अन् त्या दोघाईले जेवढं खाणं लागते तेवढं देणारा तो चौकोनी ठोकळा — हां, पावर सप्लाय, तोही तगडा पाहिजे. सगळं पाहून-सवरून घेतलं त्यानं. नागोराव ओट्यावरून म्हणे, यापेक्षा बकरी घेतली असती तर दूध तरी देल्लं असतं. अश्वजित म्हणे, बाबा, बकरीवर खेळता येत नाही. नागोराव म्हणे, तुझ्या वयात मी रेड्यावर खेळलो.

खेळही पाह्य कोणता निवडला. बाकीचे पोट्टे गोळ्या घालाचे खेळ खेळतेत, यानं निवडला शेतीचा. ट्रॅक्टर हाय, वावर हाय, पेरा, काढा. मी म्हटलं अरे घरची शेती पुरली नाही का तुले. तर म्हणे, आजी, याच्यात अळी येत नाही.

एक कार्ड तेवढं राह्यलं होतं.

गेल्या पावसाळ्यात कापसाची पऱ्हाटी किती वाढली होती तुले माहीतच असन, का तू दुकानातच राह्यते? डोक्याच्या वर गेलती रे. इतकी उंच पऱ्हाटी मी माझ्या जन्मात नाही पाह्यली. दरवर्षी माणूस फवारा खाली मारते, गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या झाडावर. यंदा हात उंच करून वर मारा लागे, अन् ते सगळं औषध परतून तोंडावर येये. त्या कार्डाच्या पैशासाठी गेला तो गावातल्या नानाजीच्या वावरात फवाऱ्याच्या मजुरीले. नानाजीचं नाव नाही ठेवत मी, त्याचा स्वतःचा पोरगा बाजूच्या तासात, बाजूच्याच ओळीत, पंप घेऊन होता. वारं याच्याकडं फिरलं, त्याच्याकडं नाही फिरलं, आता वाऱ्याले कोणी काय विचाराव. दुपारचं घरी आला, दाराले धरून उभा राह्यला. मी तांदूळ निवडत होती अंगणात. मले म्हणते, आजी, दिवा लाव ना, अंधार पडला. अन् ऊन असं पडलेलं का तांदळातला खडा चमके.

दवाखान्यात याच्यासारखे लय होते. खाटेखालीही गाद्या टाकल्या होत्या. याच्या डोळ्यावर कापसाचे बोळे ठेवले होते डॉक्टरनं, दवाखान्यातला कापूस, पांढराशुभ्र, एक डाग नाही. मी त्या कापसाकडं पाह्यत बसे. म्हटलं, तुले वेचता वेचता माझी नखं गेली, अन् तू इथं येऊन बसला का.

हातपाय हालाले लागले, बोलणं परत आलं, पोट्टं वाचलं. नजर नाही आली. डॉक्टर म्हणे येईनही, नाहीही येणार, वाट पाहा. घरी आणलं. मंग तो त्या भिंतीकडं तोंड करून निजे, अन् काही विचारलं का म्हणे, हूं. भाकर देल्ली हूं, पाणी देल्लं हूं. माणूस रडलं तर बरं वाटते बापू, हूं ऐकून ऐकून माझं काळीज फाटाले आलं. एक दिवशी मी ती ट्रंक उघडली, लुगड्याचा एक तुकडा सोडला अन् आतली वस्तू त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, हे काय होय रे? त्यानं बोटं फिरवली तिच्यावर. म्हणे, रॅम. मी दुसरी ठेवली. म्हणे, मदरबोर्ड, आजी, कडेनं धर त्याले, मधात बोट नको लावू. इतकं मोठं वाक्य. मी म्हटलं, चाल मंग, जोडू. तो म्हणे, मी आंधळा अन् तू अडाणी, कोण जोडन? मी म्हटलं, तू सांग, मी जोडतो. बोंडाच्या काट्यातून काडी-कचरा न येऊ देता कापूस काढतेत ही बोटं, तुझे स्क्रू काय चीज हाय.

हास ना, हास. तूही तेच करतं ना दुकानात, पण तुझ्यामागं कोणी उभं राहून असं सांगत नसन. पह्यले तो मले हात धुवाले लावे, मंग खिडकीच्या लोखंडी गजाले हात लावाले लावे, म्हणे अंगातली वीज उतरू दे. मंग म्हणे, प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोन्याचा त्रिकोण हाय, दिसला? जिथं बसवाचा तिथंही हाय, दिसला? त्रिकोणावर त्रिकोण ठेव, दाबू नको, कोंबडीखाली अंडं ठेवते तसं ठेव. ठेवलं. त्याच्यावर मलम लावाचं, तुरीच्या दाण्याएवढं. मी म्हटलं, डोकं दुखते का याचं? तो हसला. दवाखान्यातून आल्यावर पह्यल्यांदा हसला. ती रॅमची पट्टी दाबाले मी भेत होती, तो म्हणे, गाठोड्यावर गुडघा देते तशी दाब, दोन्ही कान वाजले पाहिजेत. टक् वाजलं. दुसऱ्या बाजूनं टक् वाजलं. तो कान देऊन बसलेला, म्हणे, बसली. मी वायर हातात घेऊन तोंड कसं हाय ते सांगो, चपटं हाय, याले आठ दात हाय, याची एक कड कापलेली हाय, अन् तो मनात पाहून सांगे कुठी लावाची. सगळं त्याच्या डोक्यात होतं बापू. वस्तू माझ्या डोळ्यापुढं अन् जागा त्याच्या.

कार्डाचं म्हणतं? कार्ड नागोरावनं आणलं. बकरीवाल्यानंच. एक दिवशी कोणाले न सांगता पायजमा-शर्ट घातला अन् म्हणे, काय नाव हाय रे त्याचं. अश्वजितनं नाव पाठ करून देल्लं. इंग्रजी नाव अन् मागं आकडे. ते नाव तोंडातल्या तोंडात घोळत नागपूरच्या एसटीत बसला, लहान पोट्टं दुकानात जाते तसा. कंडक्टरनं विचारलं कुठी जाचं, तर यानं कार्डाचंच नाव सांगतलं. आणलं मात्र बरोबर. दुपट्ट्यात गुंडाळून पोटाशी धरून आणलं. हार्ड डिस्कही सोबत नेलती, दुकानवाल्यानं तिच्यात खेळ भरून देल्ला होता, डब्बा चालू केला का खेळ आपोआप चालू होये. नागोराव त्याच्याजवळ देऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तो इकडं येतच नाही बापू, पोराचा चेहरा पाह्यवत नाही त्याच्याच्यानं. ओट्यावरून ऐकते. त्यालेही वाटते पडदा चालू हाय. टेबल भिंतीले लावलेलं हाय ना, ओट्यावरून पडदा दिसतच नाही.

तर ज्या दिवशी सगळं जोडून झालं, मी मेणबत्ती लावली भगवंताच्या फोटोजवळ, याले खुर्चीवर बसवलं, अन् म्हटलं, दाब तूच. त्यानं चाचपून दाबलं. पंखा फिरला. त्यानं माझा हात धरला. तो सूर वाजला, पाखरं बोलली. म्हणे, आजी, काय दिसते?

काही दिसत नव्हतं. तो चौकोन फिरला अन् विझला. मी पडद्याकडं पाह्यलं, मंग त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. त्याचं तोंड असं उघडं होतं, घास भरवताना लहानपणी करे तसं.

मी म्हटलं, वावर दिसते.

दुसरं काय म्हणणार होती मी, तूच सांग. म्हणे, कसं हाय? म्हटलं, हिरवं हाय. काळी माती हाय. म्हणे, ट्रॅक्टर? मी म्हटलं, हाय ना, लाल हाय. लाल निघाला का हिरवा निघाला मले काय माहीत. त्यानं बटन दाबलं, आवाज चढला, मी म्हटलं, निघाला. अन् निघाला तो निघालाच, बापू. रोज सकाळी चहा झाला का हा खुर्चीवर, मी बाजूला खाटेवर. तो बटनं दाबते, मी सांगतो — धुऱ्याचा बांध ओलांडला, विहीर आली, डाव्या अंगानं घे, बाभूळ हाय. आवाज पाहून बोलतो मी. दरवेळेस तो ट्रॅक्टर एका जागी जाऊन असा दम लागल्यावानी करे, घुर्र घुर्र घुर्र, अन् पुढं जाये ना. मी म्हणो, चढ हाय रे. चिखलात चाक फसलं रे, जरा जोर लाव. तो जोर लावे.

कोणतं वावर सांगतलं? माझ्या माहेरचं. झरी जामणीकडचं हाय माझं माहेर, जंगलाच्या कडेले. लग्न होऊन आली तेव्हाचं तेच डोळ्यात हाय, बाकी पाह्यलेलं कुठी गेलं कोणास ठाऊक. धुऱ्यावर मोहाची झाडं, खाली फुलं पडलेली, माझा बाप वखर हाकून राह्यला. ते सगळं देल्लं मी त्याले. एकदा मले म्हणे, आजी, इंग्रजांच्या खेळात मोहाचं झाड कसं काय आलं? मी म्हटलं, असन बाप्पा, दारू तर त्याईलेही लागतच असन. असा हसला. कापूसही पिकवला आम्ही त्याच्यात. दोन्ही धुऱ्यामधात पांढरंशिप्पट, एकही कवडी नाही. मी त्याले म्हटलं, चाल आता वेचू. तो म्हणे, याच्यात वाकून नाही वेचा लागत आजी, मशीन वेचते. मी म्हटलं, तरी मी वेचतो एका कडेनं.

लावलं का काही? नाही अजून? धुळीनं तर नसन झालं? धूळ जाऊ देल्ली नाही मी. त्यानं सांगतलं होतं, आजी, कचरा याचा दुश्मन हाय, अन् खोलीत तर हा सारा कापूस उडून राह्यलेला. लय जपलं मी त्याले.

आजच काहून बोलावलं? सांगतलं ना, तो घरी नाही म्हणून. अन् — आता त्याची नजर येऊन राह्यली ना. हो. परवा सकाळी बसला होता खुर्चीवर, अन् एकदम थांबला. म्हणे, आजी, मले उजेड दिसून राह्यला. थोडा थोडा. ओट्यावरून नागोराव उठून आत आला, पह्यल्यांदा आत आला, या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. मंग आज सकाळी धुतलेला शर्ट काढला अन् घेऊन गेला दवाखान्यात. मले धाक पडला का आता याले दिसन अन् माझी सोंगं उघडी पडतीन. म्हणून म्हटलं, त्याच्याआधी पडदा नीट करून ठेवावा. बस, म्हणून बोलावलं.

काय म्हणलं?

कुठचा उजेड म्हणजे — पडद्याचा. असं बोट लावलं त्यानं, हे पाह्य आजी, इथं उजळ हाय म्हणे.

हो.

हो बापू. पडदा काळाच होता. तो चौकोनही विझला होता.

तू हुशार हाय. नागोराव आला होता आत, पण त्यानं पोराचंच तोंड पाह्यलं, पडद्याकडं नाही पाह्यलं. माणसाले पाहाचं नसलं का नाही दिसत. मी पाह्यलं. मी मनात म्हटलं दाराचा उजेड असन, खिडकीचा असन. पण त्याचं बोट काचेवर होतं, काळ्या काचेवर. अन् मी काय बोलणार? नाही रे राजा, तिथं उजेड नाही — असं म्हटलं तर माझंच वावर जळते. त्याचं खोटं मले एकटीलेच समजलं, अन् मले एकटीलेच सांगता येत नाही.

काहून केलं त्यानं असं? मले माहीत हाय काहून. आदल्या दिवशी ओट्यावर नागोराव नानाजीजवळ बोलला, का मी आता पेरत नाही. या साली वावर पडीत पडू देतो. कोणासाठी पेरू म्हणे. हळूच बोलला, पण आंधळ्याचे कान कुठी झाकतीन. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी याले उजेड दिसला. बापाले वावरात धाडण्यासाठी दिसला, बापू. आता डॉक्टर काय सांगन ते मले इथं बसून ऐकू येते. मी सकाळपासून तेच ऐकून राह्यली. मी म्हटलं, डोळे तर माझ्या हातात नाही. पण तो जिथं बोट लावून उजेड म्हणते, तिथं उजेड तरी असला पाहिजे. घरी येऊन तो परत म्हणन, दिसते. तेव्हा कोणी वाकून पाह्यलं तर पोट्टं खोटं नाही पडलं पाहिजे. एवढंच कर. बाकी मी पाहीन.

काय सापडलं? दाखव.

अगं माय.

तो बोळा मीच लावला. हो, मीच. कापूस आत जाऊ नये म्हणून जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं बोळा कोंबला मी. बियाण्याच्या मडक्याले कोंबते, लेकराच्या कानात कोंबते, तसा. कार्डाच्या तोंडातही कोंबला का? मंग त्यानं सांगतलं असन, चपट्या तोंडाची वायर लाव, अन् मले जे भोक उघडं दिसलं त्याच्यात लावली. तसंच आणखी एक होतं ना वर, त्याच तोंडाचं — ते कार्डाचं नाही, मदरबोर्डचं म्हणतं? त्याच्यात बसली बरोबर, टाइट बसली, मी म्हटलं, लागली रे. बंद तर मीच केलं होतं मंग. मीच त्याच्या तोंडावर — कापूस — दे तो इकडं. फेकू नको. दे माझ्या हातात.

लाव आता. दाब.

पेटला.

किती उजेड हाय रे याले. डोळे दिपतेत. ट्रंक, भिंत, सगळं उजळलं. हे वावर होय का? मोठं हाय. हिरवं तर हाय, तेवढं मी बरोबर सांगतलं. मोहाचं झाड नाही. विहीरही नाही. ट्रॅक्टर — हिरवा हाय. दाब त्याचं बटन, पुढं जाचं, तो दाबते ते वरचं. जाऊ दे. जाऊ दे. हां — तिथं काय आलं? कुंपण? कुंपणाले नाक लावून उभा राह्यला. ऐक, घुर्र घुर्र घुर्र. हाच तो आवाज, बापू. हाच माझा चढ. एवढे दिवस तो या कुंपणालेच धडका देत होता, अन् मी त्याच्या मागं कापूस पिकवून राह्यली.

मागं घेता येते का त्याले? घे मंग. फिरव. त्या मोकळ्या वावरात नेऊन ठेव त्याले, मधात. हां, आता नीट दिसते. आता पडदा आण इकडं टेबलावर, त्याच्या जागी —

थांब. एसटी गेली का? मले ऐकूच नाही आली. आले ते. बस बस, काहीच नको करू, पाणी पे तू.

ये रे राजा. उंबरा हाय, पाय उचल. बाबा कुठी? ओट्यावर बसला? बरं, बसू दे, चपलाही नाही काढल्या त्यानं, थकला असन. हा? कोणी नाही रे, वाटेवरचा हाय एक फटफटीवाला, पाणी प्याले थांबला, चाललाच आता. बस तू. खुर्ची तिथंच हाय. कम्प्युटर चालूच हाय, पंखा नाही ऐकू आला तुले? मले करमत नव्हतं म्हणून लावला. दाब, वावरातच उभा हाय तो.

काय म्हणतं? आजही दिसते? परवापेक्षा जास्त?

कुठी रे?

हो. हो राजा, तिथंच हाय. लय उजेड हाय. तू चालव, मी याले दारालोक सोडून येतो.

चाल बापू. इकडं ये, हळू बोल. पाह्यलं ना तू? पडदा त्याच्या पाठीमागं ट्रंकेवर लखलखून राह्यला, अन् तो समोरच्या भिंतीले बोट लावून बसला. नको, परत नको जाऊ आत. राहू दे. तो निजला का मी हळूच उचलून टेबलावर ठेवीन, मले जमते ते. अन् ऐक — ओट्यावर नागोराव काय म्हणून राह्यला ऐकलं का? डॉक्टरचं काहीच बोलला नाही तो. आतमंधी आवाज देऊन पोराले विचारून राह्यला, अश्वजित, यंदा कोणतं बियाणं आणाव रे. अन् त्या बापाचं तोंड पाह्य. पाहू नको, नको, सरळ चाल.

जाय आता. अन् फटफटी इथं चालू नको करू, पांदणीच्या रस्त्यालोक लोटत ने. त्याले ट्रॅक्टर ऐकू येऊ दे.